चुन्याची निवळी

जळबा खिल्लारे मुंबईची नोकरी संपवून जवळा बाजारला कायमचा परतला तो २१ जानेवारी १९९९ रोजी, सकाळी साडेनऊला, कंपनीने दिलेल्या टेम्पोतून. त्याच्या मालकीची एक ट्रंक ड्रायव्हरच्या शेजारी मावली होती. मागची सगळी जागा पाण्याने घेतली होती. प्लास्टिकच्या बारा कॅनमध्ये खारं पाणी होतं, चार फूट लांबीची काचेची टाकी गादीत गुंडाळलेली होती, आणि दोन झाकणाच्या बादल्यांत बॅटरीवरचा छोटा पंप गुडगुडत होता. गल्लीतली माणसं सामान उतरवायला आली. मासे असतील म्हणून त्यांनी बादल्यांत डोकावून पाहिलं, तर आत दगड होते.

दुपारपर्यंत ही बातमी स्टँडपर्यंत पोचली. तिथे रतनसिंगचा एसटीडी बूथ होता, आणि गावातली बहुतेक माहिती त्या बूथवरूनच पुढे जात असे. बावीस वर्षं मुंबईत काढून जळबाने दगड आणला, असं रतनसिंगने आल्यागेल्याला सांगितलं. पुढचे दोन महिने जळबा बूथवरून गेला की तो विचारायचा, "काका, दगड जेवला का?"

जळबा चिडायचा नाही. तो थांबून समजावून सांगायचा. हे दगड नाहीत. समुद्रातलं प्रवाळ आहे. मोहरीएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, पाण्यातून चुना ओढून घेतात आणि स्वतःच्या पायाखाली स्वतःच दगड बांधत जातात. वर दिसते ती नखाएवढ्या जाडीची जिवंत कातडी, खाली सगळा त्यांनी बांधलेला दगड. रतनसिंग ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचा.

जळबा १९७६ च्या डिसेंबरात मुंबईला गेला तेव्हा त्याची एकुलती एक मुलगी राणी चार महिन्यांची होती. एका खासगी कंपनीच्या ऑफिसात त्याला शिपायाचं काम मिळालं. १९९१ मध्ये तिथल्या साहेबांनी जर्मनीत पाहून आल्यावर स्वागतकक्षात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. तिची देखभाल कुणी करायची हा प्रश्न आला तेव्हा ते काम जळबाकडे आलं, कारण दिवाळी-उन्हाळ्याचे आठ-आठ दिवस सोडले तर तो रजा घेत नसे. कारकुनाने टाइप करून दिलेल्या दोन पानी सूचना त्याने पाठ केल्या. आठ वर्षांत टाकीतले मासे मेले, नवे आले, तेही मेले, पण दोन प्रवाळं जगली आणि वाढली. एक अक्रोडासारखं, घड्या घड्यांचं, हिरवट. दुसरं फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, फांद्याफांद्यांचं, करड्या-गुलाबी रंगाचं. आलं तेव्हा हे दुसरं अंगठ्याएवढं होतं. कंपनीने ऑफिस बंद केलं तेव्हा ते दोन ओंजळींएवढं झालं होतं. साहेबांनी विचारलं, काय हवं? जळबाने टाकी मागितली.

त्याची बायको जनकाबाई या सगळ्यात कुठेच नव्हती. बावीस वर्षांत नवरा दिवाळीला आठ दिवस, उन्हाळ्यात आठ दिवस असा घरी आला. तिने राणीला वाढवलं, पुसेगावला दिली, आणि चुन्याचा धंदा केला. भट्टीवरून कळीचा चुना आणायचा, रांजणात विझवायचा, फडक्यातून गाळायचा आणि आठवडी बाजारात विकायचा. सणाच्या आधी भिंती पांढऱ्या करायला लोक डबे भरून नेत, एरवी पानतंबाखूवाले पुड्या नेत. तिच्या चुन्यात खडा निघत नाही, असं सेनगावपर्यंतचे पानवाले सांगत.

समोरच्या खोलीत टाकी मांडली गेली तेव्हा जनकाबाईला तिची बसायची जागा सोडावी लागली. ट्यूबलाइट लागल्या, पंप लागला, लाइट गेली तर पंप चालावा म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आली. जळबा पहाटे उठून आधी टाकीपाशी जायचा. जेवतानाही त्याचं तोंड टाकीकडे असायचं. जनकाबाईने पंधरा दिवस पाहिलं आणि मग एका दुपारी शेजारणीला मोठ्याने सांगितलं की नवरा म्हातारपणी सवत घेऊन आला, आणि ती बी मुकी.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फुलकोबीच्या बुडाशी पांढरी कड दिसू लागली. ती रोज थोडी वर सरकत होती. जिवंत कातडी मागे हटत होती आणि खालचा दगड उघडा पडत होता. जळबाला कारण माहीत होतं. मुंबईत तो रोज एका डब्यातली पांढरी पावडर पाण्यात मिसळून टाकीत सोडत असे. तिच्याशिवाय या जिवांना दगड बांधायला माल मिळत नाही. मुंबईहून येताना एक डबा होता. तो तळाला गेला तशी त्याने मात्रा अर्धी केली, मग पाव. आता तळाशी थोडीशीच राहिली होती. त्याने रतनसिंगच्या बूथवरून मुंबईच्या दुकानात तीनदा फोन केला. माल जर्मनीहून येतो, कधी येईल सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

त्याच आठवड्यात दुसरा फोन आला. रतनसिंगचा माणूस निरोप घेऊन घरी आला आणि जळबा जाऊन बोलून आला. साहेबांनी नव्या मुंबईत नवं ऑफिस घेतलं होतं. तिथे आधीपेक्षा दुप्पट मोठी टाकी बसणार होती. जळबाने यावं, राहायची सोय होईल, पण एक जूनपर्यंत हो की नाही ते कळवावं.

संध्याकाळी त्याने हे जनकाबाईला सांगितलं. आवाज चढवला नाही, काही लपवलंही नाही. "हे जगलं तर याला सोडून मला जाता येत न्हाई. मेलं तर मी इथं बसून काय करू? गावात मला काय येतं?"

जनकाबाई भाकरी थापत राहिली. पण ज्याला तिने महिनाभर सवत म्हटलं होतं ते जगलं तरच नवरा घरी राहणार होता, एवढं तिला त्या रात्रीच्या जेवणापर्यंत कळून चुकलं होतं.

दोन एप्रिलला सकाळी जळबा शेवटचे दोन चमचे वापरत होता. तोपर्यंत तो हे काम जनकाबाई उठायच्या आधी उरकत असे. त्या दिवशी त्याला उशीर झाला. त्याने बादलीभर पाण्यात पावडर टाकली, लाकडी दांड्याने ढवळली, झाकण ठेवलं आणि खाली बसायला ठेवून दिली. तासाभराने झाकण काढलं. तळाशी पांढरा साका, वर नितळ पाणी, पाण्यावर पापुद्र्यासारखी पातळ साय. त्याने साय बाजूला सारली, साका न हलवता वरचं पाणी वाटीने काढून घेतलं.

जनकाबाई दारात उभी राहून पाहत होती. ती पुढे आली, तिने बादलीत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि जिभेला लावलं.

"ही तर निवळी."

जळबाने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ही परदेशी पावडर आहे, औषधी आहे, असं तो म्हणाला.

"परदेशी असंल. चुना हाय. लेकराला दात येताना चुन्याची निवळी देत्यात, ती अशीच काढत्यात. राणीला म्या पाजली. तिच्या दोन्ही लेकरांला पाजली. अशीच साय बाजूला करायची, अशीच वाटी." तिने बोट पदराला पुसलं. "तुमी नव्हते तवा घरी."

आठ वर्षं तो मुंबईत रोज सकाळी जे करत होता ते त्याची बायको इथे नेहमी करत आली होती, आणि दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. जळबाचा विश्वास बसला नाही. जनकाबाई म्हणाली, मग विचारू या.

विचारायला जागा एकच होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात महेजबीन नावाची तिशीतली लॅब टेक्निशियन होती. ती हिंगोलीची, रोज सकाळच्या बसने यायची. जनकाबाईकडून तिच्या आईसाठी पानाचा चुना जायचा, त्यामुळे ओळख होती. रिकामा डबा तिच्या टेबलावर ठेवला. तिने लेबल वाचलं, पलटून बारीक अक्षरं वाचली.

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड," ती म्हणाली. "काका, हा विझवलेला चुना आहे. शुद्ध आहे, पण चुनाच."

जळबाने तिला लेबल पुन्हा वाचायला लावलं.

महेजबीनने दोन अटी घातल्या. बाजारात विकायच्या चुन्यातला वापरायचा नाही, या कामासाठी वेगळी स्वच्छ कळी विझवायची. आणि विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, त्यात क्षार भरपूर असतात. स्टँडजवळच्या दुकानात बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी कॅनने मिळतं, तेच घ्यायचं. आणखी एक तिला सुचलं. निवळी एकदम ओतली तर पाणी दाहक होईल, थेंब थेंब गेली पाहिजे. तिने न वापरलेला, तारीख उलटून गेलेला सलाइनचा एक सेट दिला.

चार एप्रिलपासून टाकीच्या वर खिळ्याला पाच लिटरचा कॅन टांगला गेला आणि नळीतून निवळीचे थेंब पडू लागले. पहिल्या दिवशी जळबा दोन्ही हात गुडघ्यांत घेऊन समोर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी अक्रोडाच्या घड्या फुगल्या. पाचव्या दिवशी फुलकोबीच्या फांद्यांवर मखमलीसारखी लव उभी राहिली. ते त्या जिवांचे हात होते, आणि ते महिनाभर कुणी पाहिले नव्हते. पांढरी कड वर सरकायची थांबली. जळबाने पट्टी लावून मोजलं आणि वहीत लिहिलं. बुडाशी उघडा दगड, एकोणीस मिलिमीटर.

रतनसिंगने बूथवर नवी बातमी दिली. दगडाला सलाइन लागलं.

चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती होती. राणी दोन लेकरांसह आदल्या दिवशीच आली होती. मिरवणूक सकाळी नऊला निघाली, घरात दिवसभर पाहुणे होते. त्या दिवशी स्टँडवरची सगळी दुकानं बंद होती, बॅटरीच्या पाण्याचंही. निवळीचा कॅन संपत आला होता. जळबा मिरवणुकीच्या व्यवस्थेत गुंतला होता. जनकाबाईने पाहुण्यांसाठी पाणी भरलं, त्याच हंड्यातलं थोडं घेऊन बाजूला ठेवलेली कळी विझवली, निवळी काढली आणि कॅन भरून टांगला. निवळी नितळ होती, नेहमीपेक्षाही जास्त नितळ. तिला बरं वाटलं.

पंधरा तारखेला सकाळी दोन्ही प्रवाळं मिटलेली होती. अक्रोड आकसून त्याच्या दगडाच्या कडा वर आल्या होत्या. फुलकोबीवर शेंबडासारखा चिकट थर होता आणि तो पाण्यात तारांसारखा लोंबत होता. जळबाने सलाइन बंद केलं, पंपाला हात लावून पाहिला, पाणी जिभेला लावलं. त्याला काही कळेना. दुपारपर्यंत एका फांदीचं टोक पांढरं पडलं.

चार वाजता त्याने खाटेखालची ट्रंक ओढली आणि आपले कपडे घडी करून तिच्यात ठेवायला लागला. राणी रडायला लागली. तिला वाटलं, आपल्या लेकरांनी टाकीत काही टाकलं असेल. तिने धाकट्याला बदडलं.

जनकाबाईने लेकराला राणीच्या हातून सोडवून घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसली. तिने कालचा दिवस पहाटेपासून क्रमाने आठवायला सुरुवात केली. कळी तीच, बाजूला ठेवलेली. बादली तीच. फडकं धुतलेलं. पाणी विहिरीचं, हा एक फरक. आणि ते विहिरीचं पाणी एप्रिलचं, तळाचं, गढूळ. गढूळ पाण्यात ती जे लहानपणापासून करत आली तेच तिने केलं होतं. हात घालून तुरटीचा खडा चार वेळा गोल फिरवला होता. पाहुणे होते म्हणून दोन वेळा जास्त. हे तिला इतकं सवयीचं होतं की आठवायला तिसऱ्यांदा दिवस मोजावा लागला.

बादलीच्या तळाशी कालची थोडी निवळी होती. आधीच्या खेपेतली एका बाटलीत उरली होती. दोन्ही घेऊन ती आरोग्य केंद्राकडे निघाली. महेजबीनची परतीची बस पाचची होती. जनकाबाई पोचली तेव्हा ती कुलूप लावत होती.

महेजबीनने कुलूप पुन्हा उघडलं. दोन काचनळ्यांत दोन्ही निवळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत पातळ केलेल्या आम्लाचे थेंब सोडले. बाटलीतल्या जुन्या निवळीची नळी नितळ राहिली. कालच्या निवळीत सातव्या-आठव्या थेंबाला धुरकट जाळी धरली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, आणि ती हळूहळू खाली बसू लागली.

"पिण्याच्या पाण्यात तुरटी गाळ घेऊन तळाला बसते," ती म्हणाली. "चुन्याच्या पाण्यात बसत नाही, मावशी. विरघळून वरच राहते. तुम्ही वरचं नितळ म्हणून घेतलंत, तेच टाकीत गेलं."

"मंग म्याच मारलं का?"

"अजून मेलं नसेल. पाणी बदला, आजच्या आज. निम्मं तरी."

महेजबीनची बस गेली. ती नंतर एका जीपला लटकून हिंगोलीला गेली, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

जनकाबाई घरी आली तेव्हा ट्रंकेचं झाकण लागलेलं होतं आणि जळबा तिच्यावर बसला होता.

"पाण्यात तुरटी फिरवली म्या," ती उभ्यानेच म्हणाली.

"काहून?"

"गढूळ होतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवत्यात. तुमाला काय ठावं, तुमी नळाचं पिऊन राहिले इतके वर्षं."

जळबा ट्रंकेवरून उठला. ती वाट पाहत होती की तो ओरडेल. तो ओरडला नाही. पाणी किती बदलायला सांगितलं, एवढंच त्याने विचारलं. निम्मं, ती म्हणाली. निम्मं पाणी म्हणजे सव्वाशे लिटर, आणि तेवढं खारं पाणी करायला मीठ चार किलोच्या वर लागणार होतं. साधं मीठ चालत नाही. समुद्राचे सगळे क्षार असलेलं ते खास मीठ मुंबईहून आणलेलं, त्याचं शेवटचं पाकीट शिल्लक होतं. ते ओलावा लागू नये म्हणून जळबाने ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. त्यामुळे त्याला घडी केलेले सगळे कपडे पुन्हा बाहेर काढावे लागले. जनकाबाईने ते उचलून दोरीवर टाकले.

बॅटरीवाल्याला घरून उठवून आणलं. वीस-वीस लिटरचे सात कॅन पाणी मिळालं. जावई जयंतीसाठी आला होता, त्याने पाणी वाहिलं. राणीने मीठ ढवळलं. दिवेलागणीला पाणी बदलून झालं. एक फांदी गेली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण पांढरी झाली आणि जळबाने ती पकडीने तोडून टाकली. चौथ्या दिवशी अक्रोड उघडलं. फुलकोबीला अकरा दिवस लागले.

त्यानंतर निवळीचं काम जनकाबाईने पूर्णपणे आपल्याकडे घेतलं. बॅटरीच्या पाण्याचे दोन कॅन नेहमी भरलेले असले पाहिजेत असा तिचा नियम झाला, आणि त्या खोलीत तुरटी येणार नाही असाही.

एक मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. रतनसिंगने बूथवर झेंडूचं तोरण लावलं आणि आता आपण परभणीचे राहिलो न्हाई, असं दिवसभर सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी बाहेर त्रेचाळीस अंश होतं. टाकीत एकतीस. जळबाच्या सूचनांच्या कागदावर अठ्ठावीसच्या वर धोका असं लिहिलं होतं. मुंबईत त्यासाठी ऑफिसचा एसी होता. साहेबांनी एकदा एसी बिघडला तेव्हा टाकीवर पंखा लावून पाहिला होता, तर अर्धा अंशही उतरला नव्हता. त्यामुळे जळबाने पंख्याचा विचारच केला नव्हता. तो ओली गोणपाटं टाकीभोवती गुंडाळत होता.

जनकाबाईने टेबलफॅन आणून टाकीच्या पाण्यावर तिरका लावला. माठाला वारा लागला की पाणी गार होतं, याला काहून होणार न्हाई, एवढंच तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी पाणी साडेसत्तावीसवर आलं होतं. मुंबईची हवा दमट, तिथे पाणी वाळत नाही. इथली हवा कोरडी, दिवसाला आठ लिटर पाणी उडून जायचं. जळबा त्या आठ लिटरने आधी घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की जितकं पाणी उडतं तितकं परत भरावं लागतं, आणि भरायचं त्यात निवळी घालता येते. मुंबईत दिवसाला दोन लिटरच्या वर निवळी कधी मावली नव्हती. इथे महेजबीनच्या सल्ल्याने निम्मं नुसतं बॅटरीचं पाणी आणि निम्मी निवळी धरली तरी चार लिटर जात होती. जवळा बाजारचा उन्हाळा प्रवाळाला मानवत होता. हे त्याने वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मे महिन्यात लाइट रोज दोनदा जायची, सकाळी अकराला आणि दुपारी चारला, दीड-दीड तास. तेवढा वेळ पंप बॅटरीवर चालायचा आणि जनकाबाई बाजूला बसून विणलेल्या पंख्याने पाण्यावर वारा घालायची. वीस मेला जळबाने पट्टी लावली. बुडाशी उघडा दगड आठ मिलिमीटर राहिला होता. कातडी खाली उतरत आली होती. फांद्यांच्या टोकांना नवी, फिकट, जवळजवळ पांढरी वाढ होती. आजारी पांढरी कड खरखरीत दिसते, ही ओलसर चमकत होती. महेजबीन पाहायला आली तेव्हा तिने चष्मा काचेला टेकवून दहा मिनिटं पाहिलं.

बावीस तारखेला जळबा सेनगावला चुलतभावाच्या घरी लग्नाला गेला. एका दिवसासाठी गेला होता, गाड्या मिळाल्या नाहीत म्हणून दोन रात्री राहिला. परत आला तेव्हा तो स्टँडपासून घरापर्यंत जवळजवळ पळतच आला. टाकी ठीक होती. पाणी सत्तावीसवर, दोन्ही प्रवाळं उघडलेली, निवळीचा थेंब पडत होता. जनकाबाई दळण निवडत होती.

जेवायला बसल्यावर तो समाधानाने म्हणाला की आता काही मुंबईला जाणं होत नाही, याला सोडून कसं जाणार.

जनकाबाईने हातातला घास ताटात ठेवला.

"त्याच्यावर नका टाकू," ती म्हणाली. "तुमी दोन दिवस नव्हते, काय झालं त्याला? ते आता माझ्या हातानं बी जगून राहिलं. तुमाला जायचं तर जा, म्या संभाळते. ऱ्हायचं तर ऱ्हा. पर दगडासाठी ऱ्हायलो म्हणून मला सांगू नका. मला ते बराबर वाटत न्हाई."

हे बोलायच्या आधी तिने काय गमावायची तयारी केली होती ते तिचं तिला माहीत होतं. दीड महिना ती ज्यासाठी निवळी काढत होती तीच गाठ तिने आपल्या हाताने सोडली होती. जळबाला ते लगेच कळलं असं नाही. तो जेवून उठला, टाकीपाशी गेला, परत आला, ओसरीवर बसला. त्यापुढचे पाच दिवस तो घरात कमी आणि भट्टीवर जास्त होता. जनकाबाईबरोबर जाऊन कळी निवडायला लागला. खडा हातात घेऊन वजनाने पाहायचा, हलका तो चांगला भाजलेला, जड तो कच्चा. त्याने पहिल्या दिवशी निवडलेल्यातले निम्मे खडे तिने परत टाकले. रांजणात कळी टाकताना तो फार जवळ वाकला आणि उसळलेल्या चुन्याने त्याच्या मनगटावर तीन फोड आले. तिने तेल लावलं आणि हसली. बाजारात तो तिच्या मागे पोत्यावर बसला. गिऱ्हाइकांनी विचारलं, जळबाभाऊ, साहेबाचा चहा सोडून चुन्यात काहून आले? त्याने सांगितलं, उमेदवारी करून राहिलो.

एकोणतीस मे हा शनिवार होता. जळबा बूथवर गेला. जनकाबाई मुद्दाम गेली नाही. तिला फोनवरचं ऐकायचं नव्हतं, तिने घरी रांजण घासायला घेतला. अर्ध्या तासाने रतनसिंग स्वतः बूथ सोडून आला, जळबाच्या आधी.

"काकी, काका नको म्हणले," तो म्हणाला. "साहेब लय येळ बोलला. इचारत होता, दगड एवढा नाजूक हाय का म्हणून. काका म्हणले, न्हाई, दगड बरा हाय, मलाच इथं ऱ्हायचं हाय."

जनकाबाईने घासणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने तिने रतनसिंगला चहा पिऊन जायला सांगितलं.

जळबा आला तेव्हा त्याच्याकडे आणखी एक बातमी होती. टाकीचं मीठ संपलं होतं आणि पावसाळ्यात पुन्हा पाणी बदलावं लागणार होतं. त्याने साहेबांना सांगितलं होतं की मी येत नाही, पण तुमच्या नव्या टाकीसाठी या फुलकोबीची फांदी देतो, तुम्ही मीठ पाठवा. शिवाय नव्या माणसाला काही अडलं तर या बूथवर फोन करावा, मी सांगेन, नाहीतर घरातून सांगतील. साहेबांना सौदा पटला होता. कंपनीचा टेम्पो नांदेडला माल घेऊन येणार होता, तो वाट वाकडी करून यायचा होता.

टेम्पो दहा जूनला येणार होता. त्याच्या आधी फांदी तोडून छोट्या दगडावर बांधणं भाग होतं. जळबाने आठ वर्षांत जिवंत फांदी कधी तोडली नव्हती. तीन तारखेला सकाळी पकड हातात घेऊन तो टाकीपाशी उभा राहिला. पकड पाण्यात गेली आणि बाहेर आली, असं दोनदा झालं.

"द्या इकडं," जनकाबाई म्हणाली. तिने पकड बाजूला ठेवली, कोपरापर्यंत हात धुतला, पाण्यात घातला आणि दोन बोटांत फांदी धरून भेंडीचं टोक मोडावं तशी मोडली. कट्कन आवाज झाला. जळबाने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बोटाएवढी फांदी तिच्या तळहातावर पाण्याखाली होती, आणि तुटल्या जागी शुभ्र दगड दिसत होता.

ती त्यांनी दोऱ्याने एका सपाट गोट्यावर बांधली. दुपारपर्यंत फांदी मिटून होती. दुसऱ्या दिवशी लव बाहेर आली. सहाव्या दिवशी मोडलेल्या बुडाभोवती कातडीची बारीक किनार गोट्यावर पसरायला लागली होती.

टेम्पो दहा तारखेला सकाळी सव्वादहाला आला. मिठाची चार पोती उतरली. फांदी झाकणाच्या बादलीत, पंपासह, ड्रायव्हरच्या पायाशी गेली. जळबा पाव तास ड्रायव्हरला सूचना देत होता. उन्हात थांबायचं नाही, पंप बंद पडला तर हाताने पाणी हलवायचं, झाकण उघडून कुणाला दाखवायचं नाही. याच ड्रायव्हरने जानेवारीत जळबाला मुंबईहून आणून सोडलं होतं. त्याने शेजारची सीट झटकली आणि विचारलं, तुम्ही येत नाही का?

"न्हाई," जळबा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

टेम्पो वळून औंढ्याच्या रस्त्याला लागला. जळबाने एक पोतं उचलून खांद्यावर घेतलं आणि तो घाईने घरात शिरला. अकरा वाजत आले होते, लाइट गेली की पाण्यावर वारा घालावा लागणार होता, आणि जनकाबाई बाजारात जायला निघाली होती.